स्वतःच्याच केसवर फिल्म केली: कागद, परवानग्या आणि बाकी सगळं

गेल्या महिन्यात आमच्या फिल्मचा नाशिकमधला पहिला शो झाला आणि तेव्हापासून मला मेसेज येतायत. त्यातले अर्धे "हिंमत लागते गं" असे आहेत आणि उरलेले फार कामाचे आहेत, म्हणजे "कोर्टाची परवानगी कशी काढलीस", "घरच्यांना कसं तयार केलंस", "स्वतःचं नाव द्यायला कायद्याने चालतं का". प्रत्येकीला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा सगळं एकदाच इथे लिहून टाकते. हिंमतीबद्दल मला फार काही सांगता येणार नाही, कागदांबद्दल मात्र भरपूर सांगता येईल.

आधी थोडक्यात काय झालं ते. २०१४ च्या पावसाळ्यात, मी २३ वर्षांची असताना, ओळखीतल्या एका माणसाने माझ्यावर बलात्कार केला. केस झाली, चालली, चालतच राहिली, आणि २०१९ मध्ये संशयाचा फायदा मिळून तो सुटला. पीडितेला स्वतःला अपील करता येतं, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं, मला माहीत होतं तरी केलं नाही, कारण तोवर घरातले पैसे आणि माझं अवसान दोन्ही संपलेलं. फिल्म साधारण ५० मिनिटांची आहे, डॉक्युड्रामा, म्हणजे काही भाग खऱ्या माणसांच्या मुलाखती आणि काही भाग कलाकारांनी केलेले प्रसंग. त्यात पोलीस ठाण्याचं, हॉस्पिटलचं, कुणाचंही नाव नाही आणि इथेही लिहिणार नाहीये, त्यामुळे कमेंटमध्ये अंदाज लावू नका प्लीज.

आणि ज्यांना फक्त एवढंच विचारायचंय की "तो सीन कसा शूट केला", त्यांच्यासाठी आत्ताच सांगते, नाही केला. तो सीन फिल्ममध्येच नाही. का नाही ते पुढे येईल.

सुरुवात झाली नोव्हेंबर २०२२ मध्ये. ३१ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाचा टू फिंगर टेस्टबद्दलचा (बलात्काराच्या केसमध्ये बाईच्या योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी) निकाल आला होता, की जो कुणी ही तपासणी करेल तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. मी अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, डबा खाताना मोबाईलवर ही बातमी वाचली आणि मला आधी राग आला तो तारखांचा. कारण ही तपासणी चुकीची आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच म्हटलं होतं, आणि आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून ती बंद करायला सांगितलं होतं, आणि माझी तपासणी त्यानंतरची आहे. म्हणजे जे माझ्यावर झालं ते तेव्हाही व्हायला नको होतं, फक्त तिथल्या कुणाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्या रात्री घरी येऊन कपाटाच्या वरच्या कप्प्यातली कागदांची पिशवी काढली. एफआयआरची प्रत (ही फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका), मेडिकलच्या कागदाची झेरॉक्स, समन्स, बसची तिकिटं, मी आणि आईने कोर्टाच्या बाहेर खाल्लेल्या वडापावच्या खर्चाची माझ्याच अक्षरातली चिठ्ठी. अकाउंट्सवाली असण्याचा हा एक फायदा.

ही पिशवी मी माझ्या एका मित्राला दाखवली. तो लग्नाचे व्हिडिओ शूट करतो, नाशिकमध्ये चांगलं नाव आहे त्याचं, पण त्याला कायम काहीतरी "वेगळं" करायचं असतं. त्याने सगळं वाचून एकच विचारलं, "यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?" मी म्हटलं बसण्यात. ठाण्यातल्या बाकावर, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, कोर्टाच्या व्हरांड्यात. ती घटना काही मिनिटांची होती आणि त्यानंतरचं बसणं जवळजवळ पाच वर्षांचं. तो म्हणाला मग बसण्याचीच फिल्म करू. तिथेच ठरलं की घटना दाखवायची नाही. लोकांना वाटतं हा माझा संकोच किंवा सेन्सॉरची भीती, तसं अजिबात नाही. तो सीन कितीही चांगल्या हेतूने घेतला तरी बघणारा त्यात मला त्या माणसाच्या नजरेतून बघतो, दुसरा अँगलच नसतो तिथे. आणि त्याला माझ्या फिल्ममध्ये एवढी जागा का देऊ.

लिहायला २०२३ चं जवळजवळ अख्खं वर्ष गेलं. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार, बरेचदा गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकाच्या आवारात बसून. घरी लिहायला जमायचं नाही कारण आई चहा घेऊन यायची आणि कागदावर नजर टाकायची. याच काळात मी परत काउन्सेलरकडे जायला लागले. एका वेळेचे १२०० रुपये, आणि फिल्मच्या बजेटमध्ये ही रक्कम मी पहिल्या ओळीत लिहिली होती, कॅमेऱ्याच्याही वर. तुम्ही असं काही करणार असाल तर हेच करा. पैसे नसतील तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता कायद्याचा भाग, जरा सावकाश वाचा.

बलात्काराच्या केसमधल्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम, २२८अ, भारतीय दंड संहितेत १९८३ ला आलं, मथुरा प्रकरणानंतर (मथुरा हे मुलीचं नाव). ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलंच, १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला, पुढे सुप्रीम कोर्टाने त्या पोलिसांना सोडलं, त्यावर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि मग कायदा बदलला. नाव न छापण्याचा आणि बंद दाराआड सुनावणीचा नियम त्या बदलातला. मला हे वकील मॅडमनी सांगितलं तेव्हा आधी वाटलं की बापरे, म्हणजे माझंच नाव मी घेतलं तर मीच आत. तसं नाहीये. सज्ञान बाई स्वतः लेखी परवानगी देऊन आपलं नाव उघड करू देऊ शकते, आणि २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सुप्रीम कोर्टानेही हे म्हटलंय. पण लेखी म्हणजे लेखी. त्यामुळे मी माझ्याच मित्राला, साउंडवाल्याला, एडिटरला, प्रत्येकाला वेगवेगळ्या कागदावर माझं नाव वापरायची परवानगी सही करून दिली. नोटरीकडे बसलेलो असताना मित्र म्हणाला, दहा वर्षं तुला नावाने हाक मारतोय, आता पावती मिळाली. (अल्पवयीन असताना घडलेलं असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा लागतो आणि तिथले नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत, माझ्या पोस्टवरून काही करू नका.)

दुसरं कलम बहुतेकांना माहीत नसतं आणि वेळ त्यातच जातो. बंद दाराआड चाललेल्या सुनावणीतला मजकूर कोर्टाच्या परवानगीशिवाय छापता किंवा दाखवता येत नाही. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालांना यातून सूट आहे, पण माझा निकाल सत्र न्यायालयाचा. म्हणजे माझी स्वतःची साक्ष, मी स्वतः दिलेली, मला माझ्या फिल्ममध्ये वापरायला कोर्टाकडे अर्ज करावा लागणार. मी हे ऐकून खूप हसले होते, मग घरी येऊन खूप रडले.

मार्च २०२४ मध्ये माझ्या साक्षीची नक्कल, म्हणजे कोर्टाकडून मिळणारी प्रमाणित प्रत, मिळवायला अर्ज केला. नक्कल शाखेच्या खिडकीवर केस नंबर, वर्ष, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवाय हे लागतं, "सगळं द्या" असं चालत नाही. केस निकाली निघालेली असेल तर फाईल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असते, ती वर यायला वेळ लागतो, आठवडे लागतात, चिडून उपयोग नाही. खिडकीवरच्या बाईंनी केसचं कलम वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "तुम्ही बाकावर बसा, मी हाक न मारता खूण करते." नाव पुकारलं गेलं नाही. एवढ्या वर्षांत त्या इमारतींमध्ये कुणीतरी पहिल्यांदा असं केलं होतं.

मग परवानगीचा अर्ज. तो तयार होऊन टाईप होईपर्यंत १ जुलै २०२४ आला आणि देशाचे फौजदारी कायदेच बदलले, २२८अ गेलं आणि भारतीय न्याय संहितेचं ७२ आणि ७३ आलं, त्यामुळे अर्ज परत टाईप. मध्येच शंभरचा स्टॅम्प पेपर जाऊन पाचशेचा आला, ते वेगळंच. अर्जावर आधी सरकारी वकिलांचं म्हणणं मागवलं, त्यानंतर समोरच्या बाजूचंही. हे मला अपेक्षित नव्हतं. म्हणजे त्याला कळणार की मी फिल्म करतेय. ते काही आठवडे मी नीट झोपले नाही, ऑफिसातून घरी येताना पाथर्डी फाट्याचा रस्ता सोडून लांबून यायचे, काही कारण नव्हतं, तो तिकडे राहतही नाही. शेवटी त्याचे वकील आले, नाव यायला नको एवढंच म्हणाले आणि गेले. आमच्या अर्जात ते पहिल्याच परिच्छेदात होतं.

परवानगी मिळाली ऑक्टोबरमध्ये, अटींसकट. त्याचं नाव, गाव, धंदा, चेहरा, ओळख पटेल असं काहीही नाही. इतर साक्षीदारांच्या जबान्या वापरायच्या नाहीत. माझी साक्ष आणि माझी उलटतपासणी वापरता येईल. शिवाय तो सुटलेला असल्यामुळे फिल्ममध्ये कुठेही त्याला गुन्हेगार म्हणायचं नाही, ही वकील मॅडमची स्वतःची अट, अब्रुनुकसानीच्या भीतीने. स्क्रिप्टमधला एकेक शब्द त्यांनी लाल पेनने तपासला. फी २५ हजार, त्यातही त्यांनी कमीच घेतली. ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही, कितीही कमावत असलात तरी मोफत वकील मिळायचा हक्क आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात त्यांचं ऑफिस असतं, फोनवर १५१००.

आईचं सांगायचं राहिलं. मुलाखत द्यायला ती लगेच तयार झाली, मलाच आश्चर्य वाटलं. बाबा २०१७ ला गेले, त्यामुळे त्या सगळ्या वर्षांची साक्षीदार तीच. आम्ही सगळ्यांसाठी मराठीत संमतीपत्र केलं होतं, एका पानाचं, सोप्या भाषेत. आईने चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि विचारलं, "सही केल्यावर नको वाटलं तर?" आमच्याकडे त्याचं उत्तरच लिहिलेलं नव्हतं. मित्र म्हणाला काकू, एडिटिंग पूर्ण होईपर्यंत तुम्ही कधीही नाही म्हणा, आम्ही काढून टाकू. आई म्हणाली, "मग ते लिही ना." लिहिलं. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक संमतीपत्रात ते कलम आहे आणि दोघांनी ते वापरलंही, त्यातला एक माझा मावसभाऊ, ज्याची मुलाखत खरंतर खूप चांगली झाली होती. काढली. दादाने कॅमेऱ्यासमोर यायला आधीच नाही सांगितलं पण दीड लाख दिले, त्याची पद्धत ती.

कलाकार शोधायला नाशिकमध्ये अडचण नाही, राज्य नाट्य स्पर्धेत काम करणारी गुणी पोरं-पोरी आहेत इथे. माझं काम करणारी मुलगी तेव्हा २४ ची होती. ऑडिशनला आम्ही रडायचे वगैरे सीन दिले नाहीत, एक फॉर्म दिला आणि सांगितलं की हा फॉर्म तुला पहाटे चार वाजता भरायचाय आणि पेन चालत नाहीये. तिने पेन तीनदा झटकलं आणि समोरच्याला सॉरी म्हणाली. सॉरी! मी म्हटलं हीच.

गंमत अशी की दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, त्यांना १९१३ च्या पहिल्या चित्रपटात काम करायला बाई मिळाली नव्हती, राणीचं काम पुरुषाने केलं. आम्हाला शंभर वर्षांनी बायका भरपूर मिळाल्या, त्या माणसाचं काम करायला पुरुष मिळेना. संवाद नाही, चेहरा नाही, फक्त कोर्टाच्या व्हरांड्यात पाठमोरं उभं राहायचं होतं. एक जण म्हणाला सासरचे बघतील, एकाने तालमीच्या दिवशी फोन बंद केला, एकाने मला व्हॉट्सॲपवर मोठा निबंध पाठवला की तो मनाने तसा नाहीये. अरे बाबा, नाट्य स्पर्धेत खुनी करतोस तेव्हा मनाने असतोस का तसा. शेवटी ते पात्रच काढून टाकलं. वकील मॅडम खूश झाल्या, त्यांना ते आधीपासूनच नको होतं.

शूटिंग जानेवारी २०२५ मध्ये केलं, मुद्दाम पौषात. पौषात लग्नं नसतात, मित्राचे कॅमेरे आणि माणसं रिकामी असतात आणि लाईटवाला भाडं निम्मं करतो. लहान शहरात फिल्म करणाऱ्यांनी ही टीप लिहून ठेवा. तोटा एवढाच की नाशिकची जानेवारीतली थंडी, आणि आमची गोष्ट पावसाळ्यातली. रात्री पाइपने पाऊस पाडला तेव्हा ती पोरगी निळी पडली होती, दोन टेकमध्ये संपवलं आणि तिला शेकोटीपाशी बसवलं. खऱ्या ठाण्यात किंवा कोर्टात शूट करायचा प्रश्नच नव्हता, पंचवटीतल्या एका बंद पडलेल्या शाळेचे दोन वर्ग भाड्याने घेतले, एक ठाणं, एक कोर्ट. खाकी कपडे ड्रेपरीवाल्याकडून. रस्त्यावरच्या आणि गोदाघाटावरच्या शॉटसाठी महापालिका आणि स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज, त्यात तारीख, वेळ, माणसं किती, गाड्या किती सगळं लिहायचं. अर्जात विषय काय लिहायचा यावर आमची चर्चा झाली, "महिला विषयक माहितीपट" लिहिलं, खोटं नाही आणि गर्दीही जमली नाही.

सेटवर काउन्सेलर रोज होती. नियम होता की कुणीही, अगदी स्पॉटदादासुद्धा, "थांबा" म्हणू शकतो आणि कारण विचारायचं नाही. मेकअपवाल्या ताई हॉस्पिटलच्या सीनला बाहेर गेल्या आणि परत आल्याच नाहीत त्या दिवशी. कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आल्या, कामाला लागल्या.

फिल्ममधला सगळ्यात लांब शॉट उलटतपासणीचा आहे, त्याबद्दल थोडं लिहिते कारण त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. ज्यांनी कोर्टातली साक्ष कागदावर वाचली नसेल त्यांना सांगते, त्यात बहुतेक वेळा वकिलाचा प्रश्न लिहिलेला नसतो, फक्त साक्षीदाराचं उत्तर असतं. "हे म्हणणे खरे नाही की मी स्वतःहून गेले होते. हे म्हणणे खरे नाही की मी पैशांसाठी खोटी केस केली. हे म्हणणे खरे नाही की माझे यापूर्वी..." असं पानंच्या पानं. नक्कल हातात आल्यावर पहिल्यांदा कळलं की दोन दिवस तो वकील माझ्यावर काय काय फेकत होता ते सगळं कागदावर माझ्याच तोंडी आहे, त्याचं त्यात काहीच नाही. आम्ही ठरवलं की तसंच ठेवायचं. वकील दाखवायचा नाही, प्रश्न ऐकवायचे नाहीत, ती फक्त उभी राहून नकलेतली पानं म्हणते, साडेसहा मिनिटं, एकच कॅमेरा. तालमीत तिने पहिल्यांदा वाचलं तेव्हा मध्येच थांबून मला म्हणाली, ताई, यात तुझं एक पण वाक्य नाहीये गं. शूटच्या दिवशी मी मॉनिटरसमोर बसणार होते, पण तिसऱ्या पानाला उठून शाळेच्या मैदानात जाऊन चहा प्यायले. डायरेक्टर म्हणून मित्राचं नाव आहे आणि ते योग्यच आहे. स्वतःवर फिल्म करताना सेटवर निर्णय घेणारा दुसरा माणूस ठेवा, म्हणजे तुम्हाला चहाला जाता येतं.

एडिटिंग पावसाळ्यापर्यंत चाललं. मध्ये दोन महिने मी काहीच बघितलं नाही, जमेना. शूटिंगपेक्षा एडिटिंग जड जातं हे कुणी सांगत नाही, कारण शूटिंगला माणसं असतात आणि एडिटिंगला तुमचाच आवाज परत परत असतो, अर्ध्या वाक्यात कापलेला.

मग सेन्सॉर. आधी ठरवा की गरज आहे का. फक्त ऑनलाईन टाकणार असाल तर सेन्सॉर सर्टिफिकेट लागत नाही. मला हॉलमध्ये तिकीट लावून आणि कॉलेजमध्ये दाखवायची होती, म्हणून घेतलं. अर्ज सेन्सॉर बोर्डाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो, फी फिल्मच्या लांबीवर ठरते आणि ७२ मिनिटांच्या आतली असली तर लघुपटात मोजतात, छोटी समिती बघते. समितीत बाई असायला हवी असा नियमच आहे, याचं मला बरं वाटलं होतं. जोडायच्या कागदांत संवादांसकट पूर्ण स्क्रिप्ट, गोषवारा, गाण्यांचे हक्क (आमच्यात गाणं नाही, सुटलो) आणि प्राण्यांबद्दलचं. हो, प्राणी. फिल्ममध्ये प्राणी वापरले असतील तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या गोदाघाटाच्या शॉटमध्ये एक शेळी स्वतःच्या मर्जीने येऊन उभी होती. शॉट सुंदर होता. कापला. तसंच आमच्या हवालदाराच्या हातात बिडी होती, तंबाखू दाखवली की इशाऱ्याच्या पट्ट्या आणि जाहिराती लावाव्या लागतात हे मित्राला माहीत होतं, म्हणून शूटच्या वेळीच बिडी जाऊन चहाचा ग्लास आला.

स्क्रीनिंगला सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला गेलो, पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात. समिती आत फिल्म बघते, आपण बाहेर थांबायचं. परत बाकावर. फरक इतकाच की या वेळी हातात सगळे कागद फाईल करून, अनुक्रमणिका लावून. आत बोलावल्यावर त्यांनी कोर्टाचा परवानगीचा आदेश आणि माझी लेखी संमती मूळ प्रतीत बघितली, सुरुवातीच्या सूचनेत एक वाक्य वाढवायला सांगितलं आणि एका शिवीवर आवाज बंद करायला. यूए १६+ मिळालं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे ७, १३ आणि १६ असे तीन भाग झालेत, आणि मला १६ च हवं होतं, कारण ए (फक्त प्रौढांसाठी) मिळालं असतं तर अकरावी-बारावीच्या मुली बाहेर राहिल्या असत्या. निर्णय पटला नाही तर आधी रिव्हायजिंग कमिटी, आणि त्यानंतर थेट हायकोर्ट, मधलं अपील ट्रिब्युनल २०२१ मध्ये बंद झालं. आमच्यावर ती वेळ आली नाही.

एकूण खर्च ५ लाख ७० हजारांच्या आसपास. सगळ्यात मोठा वाटा साउंड आणि एडिटिंग, मग माणसांचं मानधन (कुणालाही फुकट राबवलं नाही, या विषयावर तर नाहीच), मग जेवण. माझी एफडी, दादाचे दीड, दोन मैत्रिणी. परत किती येतील माहीत नाही, येतील असं धरून केलंच नव्हतं.

शो एका छोट्या हॉलमध्ये ठेवला. तुम्ही दाखवणार असाल तर काही गोष्टी: पूर्ण अंधार करू नका, बाजूचे दिवे मंद ठेवा. दाराजवळच्या खुर्च्या रिकाम्या ठेवा, म्हणजे ज्यांना उठायचंय त्यांना रांग ओलांडावी लागत नाही. काउन्सेलरला आत नाही, बाहेर चहाच्या टेबलापाशी बसवा, तिथे माणसं आपोआप बोलतात. ११२ (पोलीस), १८१ (महिला हेल्पलाईन) आणि वरचे दोन नंबर (१४४१६, १५१००) बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, एकटं असताना फोनमध्ये टाकून घेता येतात. आणि प्रश्नोत्तरं चिठ्ठीवर घ्या. आम्ही माईक फिरवला आणि पहिलाच प्रश्न एका काकांचा आला, "तो आता कुठे असतो?" मी म्हटलं याचं उत्तर देता येत नाही. ते म्हणाले नाही, सहज विचारलं. मग माईक बंद केला आणि चिठ्ठ्या मागवल्या, तर पन्नासेक आल्या, आणि त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर प्रश्न नव्हताच, फक्त साल लिहिलं होतं. १९९८. २००६. एक १९७१. त्या चिठ्ठ्यांचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही, काउन्सेलरकडे पाकिटात आहेत. लिहिणाऱ्यांना विचारल्याशिवाय मी त्या कुठेही वापरणार नाहीये आणि त्यांना शोधणारही नाहीये.

पुढचे शो दोन कॉलेजमध्ये आहेत, परीक्षा संपल्यावर. कोर्टाच्या अर्जाचा आमचा मसुदा आणि आईच्या कलमावालं संमतीपत्र कुणाला हवं असेल तर मागा, नावं खोडून पाठवते, पण तुमच्या वकिलांकडून तपासून घेतल्याशिवाय वापरू नका, आणि नकलेचा अर्ज मात्र आजच करा, बाकी काही ठरलेलं नसलं तरी, कारण वेळ तिथे लागतो.